पणतीच्या आकाराची वानगी

जावई पुण्याहून आला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात थर्माकोलचा डबा. बॅग त्याने अंगणातच ठेवली. माझ्या बायकोने मुलगी-जावई दोघांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, तरी डबा काही त्याच्या हातून सुटेना. उंबरा ओलांडल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो तब्येतीचा नाही, बाजाराचा नाही.

"मामा, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जागा आहे का?"

सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडची रीत. ती त्याला मुलीने शिकवली होती. तेवढं एक बरं आहे, असं मी मनात म्हटलं. बाकी त्याच्याबद्दल माझ्या मनात फार बरं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

कारण लग्नाच्या पंगतीतलं. मी भाजीचा व्यापारी. साखरखेर्ड्यात माझा गाळा आहे, मालाच्या गाड्या आहेत, घर सिमेंटचं आहे. पण यातलं काही मला कोणी दिलेलं नाही. शाळा सुटली तेव्हा डोक्यावर सांबाराची पाटी होती. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. ती पाटी घेऊन सुलतानपूर, लोणार, मेहकर असे बाजार पायाखाली घातले. भांडवल म्हणाल तर जीभ. वांग्याच्या ढिगापुढे उभं राहून विकणाऱ्याला रडकुंडीला आणायचं आणि त्याच वांग्यावर गिऱ्हाइकाला हसवायचं, यावर मी घर बांधलं, मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावलं.

त्या लग्नात मुलीचा बाप म्हणून मी जिलेबीचं ताट घेऊन वरपक्षाच्या पंगतीत आग्रह करत फिरत होतो. त्याच्या घरच्या बायका बसल्या होत्या तिथे थांबलो आणि म्हणालो, "घ्या ना, लाजून काऊन राह्यले?"

एका बाईने शेजारणीला ते तसंच म्हणून दाखवलं. हेल काढून. शेजारणीने पुढच्या बाईला. "काऊन राह्यले" हे माझे शब्द मीठ-लिंबू वाढावं तसे पंगतीच्या टोकापर्यंत गेले आणि हसू परत आलं. टोकाला नवरदेव बसला होता. त्याने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलले. मी पाहिलं.

मी ऐकून घेणारा माणूस नाही. शिळी पालक ताजी म्हणून दाखवली म्हणून मी भर बाजारात पाटी उलटी केली आहे. पण मुलीच्या लग्नात बाप काय करणार? जिलेबी वाढली आणि पुढे गेलो. ते गिळलेलं पचलं मात्र नाही. वर्षभर त्यांची बोलावणी आली, पुण्याला या, चार दिवस राहा. मी दरवेळी मालाचा हंगाम पुढे केला. भाजीला हंगाम बाराही महिने असतो, हे त्यांना कुठे ठाऊक?

मुलीला ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला.

"बाबा, एक मांगू का?"

"मांग ना."

"या दिवाळीत भाव करू नका."

"कायचा भाव?"

"कायचाच. माह्यी पहिली दिवाळी हाय. घरात हसून-खेळून पाह्यजे मले. तुमाले मी ओळखत नाई का?"

मी म्हटलं, "नाई करत." शब्द दिला. व्यापारात माझा शब्द म्हणजे शब्द, अशी माझी ख्याती आहे.

तर डबा. त्यात बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये पांढरे दोन खोके. वर चित्र नाही, नाव नाही, गाव नाही. माझी थोरली बहीण भाऊबीजेसाठी सुलतानपूरहून दोन दिवस आधीच आली होती. तिची जीभ माझ्याही वरची. तिने खोक्याला बोट लावून पाहिलं आणि हात झटकला.

"काय हाय व हे?"

"पिझ्झा हाय आत्या," मुलगी म्हणाली. "दिवाळीचा."

"दिवाळीचा? मंग होळीचा काय गुलाल लावून असते का?"

सगळे हसले. जावईही हसला. त्याने एक खोका उघडून दाखवला. पिझ्झा मी पाहिलेला आहे, मेहकरला मिळतो. तो गोल असतो. हा पणतीच्या आकाराचा होता. एका बाजूला फुगीर पोट, दुसऱ्या बाजूला निमुळती चोच, आणि चोचीवर पिवळ्या चीजची ज्योत काढलेली. काठाला तीळ. पोटात तपकिरी काहीतरी भरलेलं, त्यात हिरव्या मिरचीचे तुकडे. सगळ्यावर बर्फाची पांढरी भुकटी. जावयाने तो दोन्ही हातांवर असा धरला होता की जणू आरतीचं ताट.

बहीण म्हणाली, "सोभिवंत हाय. पन दिवा लावाचा का खाचा?"

मला मात्र तो पांढरा खोका डाचत होता. पहिल्या दिवाळीला सासरी येताना माणूस पुण्याच्या चांगल्या दुकानातलं काही आणतो. वर दुकानाचं नाव असतं, चार लोकांना दाखवता येतं. यांनी आमच्यासाठी बिननावाचा खोका आणला. खेड्यातल्या माणसांना काय कळतं, असाच हिशेब असणार. मी तो प्रसंग पंगतीतल्या हसण्याशेजारी नेऊन ठेवला.

पाडव्याला दिवाळसणाचं जेवण ठरलं. सकाळी उटणं, ओवाळणं झालं. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. तेव्हा जावई येऊन बायकोला म्हणाला, "आई, आधी पिझ्झा वाढूया का? ओव्हन नाहीये ना आपल्याकडे?"

"तव्यावर झाकन ठेवून करते मी," बायको म्हणाली.

तो विचारात पडला. तव्यावर खालून करपेल, म्हणाला. मुलीने तोड काढली. आमच्या गावात दिवाळीच्या आधी बाया नानकटाईचे ट्रे भरून बेकरीवर नेतात आणि बेकरीवाल्या चाचांच्या भट्टीत भाजून आणतात. भट्टी आजही गरम असणार. हे ऐकताच जावई पायात चपला घालू लागला.

मी आडवा आलो. "तुमी बसा. पहिल्या दिवाळीचा जावाई खोका घेऊन बेकरीवर गेला तं गाव म्हनन, सासऱ्यानं आल्या आल्या कामाले लावला."

"मामा, मला भट्टीची आच बघायची होती."

"आच काय पाहाची? आच म्हंजे आच. बसा."

तो बसला. मुलगी स्कूटीवर खोका घेऊन गेली, आणि ती येईपर्यंत तो दारातल्या रांगोळीशेजारी उभाच राहिला. बस म्हटलं की बसायचा, पुन्हा उठायचा. मला वाटलं, पुण्याच्या माणसाला आमच्या घरात करमत नाही.

आता रुसव्याचं सांगायला हवं. दिवाळसणाला जावई रुसतो. ताट वाढलं की तो घासाला हात लावत नाही, आणि त्याने हात लावल्याशिवाय घरातलं कोणीही जेवत नाही. सासरा विचारतो, काय पाहिजे? जावई मागतो, सासरा कमी करतो, बायका चिडवतात, शेवटी कुठेतरी जमतं आणि जावई पहिला घास घेतो. अर्धा खेळ असतो, अर्धा नसतो. मी माझ्या दिवाळसणाला वजनकाट्यासाठी रुसलो होतो. पुरणपोळी थंड होऊन वातड झाली तरी हललो नाही. सासऱ्याने काटा दिला. तो अजून गाळ्यावर आहे आणि अजून बरोबर तोलतो.

म्हणून मी तयारीत होतो. मेहकरच्या सोनाराकडून अंगठी करून आणली होती आणि ती शर्टाच्या खिशात होती. मुलीला दिलेला शब्द मला आठवत होता. भाव करायचा नाही. तो रुसला की अंगठी काढायची आणि द्यायची, बात खतम.

पाट मांडले. जावई माझ्या समोर, त्याच्या शेजारी बहीण. बायको आणि मुलगी वाढायला. पिझ्झा भट्टीतून आला होता, वाफ येत होती, चोच थोडी काळी झाली होती. जावयाने स्वतः सुरीने तुकडे केले. पहिला तुकडा त्याने माझ्या ताटात ठेवला, नीट, पोटाकडचा. मग बाकीच्यांच्या. शेवटचा स्वतःच्या. आणि हात मांडीवर ठेवून बसला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

मी थांबलो. तो थांबला.

"रुसले व माय, जावाई रुसले!" बहिणीने टाळी वाजवली. "पाय, कसे बसले ते गनपतीवानी! काढ बापा, काय देतं ते काढ."

मी हसलो. "बोला जावाईबापू. काय पाह्यजे?"

"काही नको मामा. तुम्ही सुरू करा ना."

बाजारात "काही नको" हे सगळ्यांत महाग बोलणं. ज्याला खरंच नको असतं तो ढिगापासून निघून जातो. जो ढिगाजवळ बसून नको म्हणतो, त्याला जास्त पाहिजे असतं. मी खिशातून डबी काढली आणि उघडून त्याच्या ताटाजवळ ठेवली.

त्याने अंगठीकडे नीट पाहिलंही नाही. "अहो, हे कशाला? आधी खा ना, थंड होतंय."

बहीण म्हणाली, "अंगठीनं भागत नाई वाटते. पुन्याचा जावाई हाय बापा, हलका नाई."

ती चिडवत होती. तिचं कामच ते. पण माझ्या कानशिलांत तापायला लागलं होतं. अंगठी नाकारली! मी म्हटलं, "मंग काय, घड्याळ? मोबाईल? मोकळं बोला, घरचाच मानूस हाय मी."

"मामा, खरंच काही नको. तुम्ही एक घास घ्या फक्त."

"रीत हाय आमची. जावाई आधी."

"आज तुम्ही आधी. प्लीज."

आणि पुन्हा गप्प. हात मांडीवर, डोळे माझ्यावर.

या जागी मी काय चुकलो ते मला आता इतकं स्पष्ट दिसतं की लिहितानाही मान वर होत नाही. बाजारात गप्प बसणं दोन तऱ्हेचं असतं, एक घेणाऱ्याचं आणि एक विकणाऱ्याचं. घेणारा गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दुसरीकडे असते, शेजारच्या ढिगावर, आभाळात, कुठेही. आपल्याला गरज नाही असं त्याला दाखवायचं असतं. विकणारा गप्प बसतो तेव्हा त्याची नजर तुमच्या तोंडावर असते. त्याने माल पुढे ठेवलेला असतो, आता बोलायचं तुम्ही. नवा शेतकरी पहिल्या तोड्याची वांगी घेऊन गाळ्यावर येतो, मी वांगं कापतो, चव घेतो, तेवढा वेळ त्याचा श्वास अडकलेला असतो. ती नजर मी रोज पाहतो. माझं पोट तिच्यावर चालतं. समोर बसलेला मुलगा त्याच नजरेने माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि मी त्याला घेणारा समजलो. कारण मला तो मागणाराच हवा होता.

"मोटारसायकल पाह्यजे का?" मी म्हटलं. आवाज चढला होता. "का चारचाकी? सांगा ना. तोंड शिवलं काय?"

"बाबा," स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली. तिच्या हातात तुपाची वाटी होती.

मी थांबलो नाही. मला थांबायचंच नव्हतं. वर्षभराचं तोंडाशी आलं होतं. "आमच्या बोलन्याले हसाले तोंड होतं, मांगाले तोंड नाई? लग्नात सारी पंगत हसली. तुमी टोकाले बसून हसले. मी पाह्यलं ना! आमी गावंढळ, आमचं बोलनं गावंढळ, पन आमच्या घरचं सोनं बी कमी पडून राह्यलं तुमाले? आनलं काय तं बिननावाचा खोका! खेड्यातल्याइले कायही चालते!"

बहिणीचा हात ताटावर तसाच राहिला. तिची चेष्टा संपली होती.

मुलगी पुढे आली. पुण्यात वर्षभर राहून तिची भाषा जरा गुळगुळीत झाली होती. ती गुळगुळीत भाषा त्या क्षणी गेली.

"बाबा, ह्याइनं बनवलं हाय ते. स्वतः. ह्याइच्या पिझ्झ्याच्या कंपनीत पुढच्या दिवाळीसाठी नवा माल काढून राह्यले, त्याच्यातला हा ह्याइचा. आपल्या घरचं भरीत हाय त्याच्यात. मले पाहाले आले तवा खाल्लं होतं ते. वांग्यातलं तुमच्याइतकं कोनाले समजत नाई, मनून तुमाले पहिला घास दिला. आदी सांगू नको म्हने, सांगतलं तं सासरे तोंडदेखलं चांगलं म्हनतीन. ते रुसले नाई. तुमी काय म्हनता ते पाहून राह्यले."

बिननावाचा पांढरा खोका. ज्या मालाला अजून नाव नाही, मार्का नाही, जो थोडा आणून जाणत्या माणसापुढे ठेवतात, त्याला आम्ही वानगी म्हणतो. गाळ्यावर रोज येते. माझ्या घरात आली तर मला ओळखू आली नाही.

मी जावयाकडे पाहिलं. मला वाटलं तो म्हणेल, मी हसलो नव्हतो, तुमचा गैरसमज झाला. तसं म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. मी भांडलो असतो. तो म्हणाला, "हसलो होतो मामा. मावशीने नक्कल केली आणि मला हसू आलं. तेव्हाच तिला बोलायला हवं होतं. नाही बोललो."

म्हणजे माझं गाऱ्हाणं खरं होतं. वर्षभर जपलेलं, अगदी खरं. आणि ते हातात घेऊन मी बसलो होतो, कवडीच्या किमतीचं.

मी ताटातला तुकडा उचलला. तो थंड झाला होता. चीज गोठून रबरासारखं झालं होतं, खालची पोळी चिवट. मी घास चावला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, तोही. अजून. एवढं बोलल्यावरही त्याला जाणून घ्यायचं होतं.

आणि मी म्हणालो, "लय मस्त झाला. एक नंबर."

त्याचा चेहरा मिटला. "बरं," तो म्हणाला, आणि पहिला घास पुरणपोळीचा घेतला.

त्या दुपारचं बाकी बोलणं मला फारसं आठवत नाही, पण हा घास आठवतो. माल न बघता मागेल तो भाव मी आयुष्यात कोणाला दिला नाही. त्या मुलाला दिला, आणि तो अपमान होता, हे त्याला कळलं आणि मलाही. अंगठी तिथेच पडून होती. आता दिली असती तर ती रागाची भरपाई दिसली असती. बायकोने ती हळूच उचलून पुन्हा माझ्या खिशात टाकली.

"दिवाळी केली तुमी पोरीची," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघणार होते. मी लवकर उठलो तेव्हा जावई ओट्यावर चहा घेत बसला होता. मी फ्रीज उघडला, दुसरा पांढरा खोका काढला आणि त्याच्यापुढे उभा राहिलो. म्हणालो, "चला. आच पाहाची होती ना?"

तो चहा अर्धा ठेवून उठला.

बेकरीत चाचा पावाचे ट्रे काढत होते. आम्हा दोघांना पाहून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आवो सेठ! कल बिटिया आई थी, आज जमाई को लेके खुद?" मग त्याला म्हणाले, "ये तुम्हारा दिया मेरे को बहुत तंग किया कल. चोच जलने लगी, पेट कच्चा."

जावई भट्टीच्या तोंडाशी वाकला. चाचांनी लांब दांड्याचं लाकडी फावडं आत घातलं, कुठे जास्त आच, कुठे कमी, ते दाखवलं. तो विचारत होता, चाचा सांगत होते. त्याच्या चष्म्यावर धग आली तरी तो मागे सरला नाही. काल मी त्याला हे पाहू दिलं नव्हतं. गाव काय म्हणेल म्हणून.

पिझ्झा बाहेर आला तेव्हा मी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. फळीवरच तुकडा मोडला आणि गरम गरम तोंडात टाकला. जीभ भाजली. चावला. मधलं तपकिरी सारण बोटाने वेगळं काढून दाताखाली धरलं, जसं गाळ्यावर करतो तसं.

"वांगं जून हाय," मी म्हणालो.

त्याने मान वर केली.

"बी लागून राह्यलं दाताले. जांभळं मोठं घेतलं असंन तुमी, दिसाले बरं मनून. ते भरताचं नाई. आन भाजलं नाई हे, उकडलं हाय."

"वाफेवर करतो आम्ही. मोठ्या मशीनमध्ये."

"मंग याले भरीत म्हनू नका! धूर कुठं हाय याच्यात? भरीत म्हंजे धूर. वांगं काडीकुडीवर भाजाव लागते, वरचं साल जळून कोळसा झालं पाह्यजे, तवा आत उतरते ते. हे काय, दवाखान्यातलं जेवन हाय!" माझा आवाज चढला होता. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबून पाहू लागले. मी हळू झालो. "चोच बारीक करू नका एवढी. चाचा म्हनते ते बरोबर हाय. आन हे गोड काऊन लागून राह्यलं?"

"पोळीत साखर आहे थोडी. लहान मुलांना आवडते."

"भरताखाली साखर! कोनं शिकवलं तुमाले?"

तो हसत होता. काल सकाळपासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "आणि चांगलं काय आहे?"

मी अजून एक तुकडा घेतला. घाई केली नाही. "तिखट," मी म्हणालो. "तिखट बरोबर हाय. मिरची कच्ची नाई, करपली नाई. लसूण बरोबर."

"ते तुमच्या मुलीचं प्रमाण आहे."

चाचांनी एक तुकडा उचलला, खाल्ला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "बुरा नहीं है. लेकिन नानकटाई नानकटाई है."

परतताना जावयाने विचारलं, "मामा, हे काल का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"आज बी वाटते."

गल्लीच्या वळणावर मी थांबलो आणि खिशातली डबी काढली. रुसव्याची नाई, राह्यलेली हाय मनून घ्या, असं काहीतरी म्हणालो. त्याने ती माझ्या मुठीत परत बंद केली.

"पुढच्या दिवाळीला," तो म्हणाला. "तेव्हा खरोखरचा रुसतो. अंगठीवर भागणार नाही."

त्याच्याशी माझं असं मिटलं. जावयाने मिटवलं म्हणून मिटलं. त्यात माझी कमाई काही नाही.

मेहकरच्या स्टँडवर गाडी लागली होती. तो बॅग वर ठेवायला चढला. रिकामा थर्माकोलचा डबा मुलीच्या हातात होता. मला वाटलं होतं, बेकरीवरचं तिला त्याने सांगितलं असेल, तिचा राग उतरला असेल. सांगितलं होतंच.

"ह्याइचं तुमच्यासंगं मिटलं बाबा," ती म्हणाली. "चांगलं झालं. माह्यं राह्यलं."

"तुह्यं काय राह्यलं?"

"मी तुमाले एकच मांगतलं होतं."

कंडक्टर घंटी वाजवू लागला. माझ्याकडे वेळ नव्हता, आणि वेळ नसला की माझी जीभ आपली सवयीची वाट धरते. मी म्हणालो, "बरं, मंग आता तुले काय पाह्यजे, सांग."

शब्द बाहेर पडले आणि माझे मलाच ऐकू आले. काल दुपारी त्याला विचारलेला तोच प्रश्न, त्याच सुरात. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. चिडली नाही, रडली नाही. डबा काखेत धरला आणि गाडीत चढली.

ही मागच्या दिवाळीची गोष्ट. जावयाचा फोन येतो. त्याच्या पिझ्झ्याचं काय झालं तेही त्याने सांगितलं. कंपनीतल्या साहेबांना पणतीचा आकार आवडला, चोच रुंद करून तो ठेवला, आणि भरीत काढून पनीर टाकलं. मी फोनवर त्या साहेबांना जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जावई पोट धरून हसला. मग तो मला वांग्यांचं विचारतो, मी सांगतो, बराच वेळ सांगतो, आणि शेवटी तो म्हणतो, "थांबा, हिला देतो."

ती विचारते, "जेवले का बाबा?" मी म्हणतो, हो. ती म्हणते, "बरं, ठेवते."

दिवाळी जवळ आली आहे. बायको रोज विचारते, लेकीले बोलावलं का? मी म्हणतो, बोलावतो. फोन हातात घेतो. पण बोलावताना तिने विचारलंच, की या वेळी काय कराल, तर द्यायला माझ्याकडे शब्दच आहे. आणि तो तिने एकदा तोलून पाहिला आहे.